बारानंतरचं जेवण

ताई मंगळवारी गेली. सकाळी तिला दवाखान्यात नेलं. दुपारी नर्सनं तिच्या तोंडावर चादर ओढली. संध्याकाळी वैनगंगेच्या काठावर तिला अग्नी दिला आणि आम्ही घरी आलो.

घाटावर बायका जात नसत. मी गेले. कुणी काही म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी गेले असते. परत आल्यावर दारात पायांवर पाणी घेत होते, तेव्हा लालबर्ऱ्याहून आलेली आमची आत्या शेजारणीला सांगत होती, "आजार-गिजार काही नाही व बाई. खाऊन खाऊन मेली पोट्टी."

शेजारीण चुकचुकली, आणि मग दोघीही जराशा हसल्या. मनात वाईट काही नसावं. ताईच्या खाण्यावर हसायची आमच्या वस्तीला इतकी सवय होती की ती गेली त्या दिवशीही हसू आपसूक आलं.

पुढच्या रविवारी पुण्यानुमोदन होतं. त्या दिवशी आमच्या लोकांत वस्ती जमते, वंदना होते आणि एकेक जण उठून गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलतो. जे तिथं बोललं जातं तेच मागं राहतं. ताईविषयी काय बोललं जाणार हे मला त्या दारातच कळलं, आणि ते बोलू द्यायचं नाही हेही तिथंच ठरलं. मी फार बोलणारी बाई नाही. शाळेत मुलींना शिकवते, उरलेल्या वेळात वाचते. पण ते वाक्य खोटं होतं, आणि ताईकडे आता तोंड नव्हतं.

*

आमचे बा बालाघाट स्टेशनवर सांधेवाले होते, छोट्या लाइनीवर गाड्यांचे रूळ बदलायचे. क्वार्टर रुळांना लागूनच होतं. मी चालायला शिकत होते तेव्हा आई वारली आणि घरातली चूल ताईच्या हाती आली. ताई तेव्हा दहा वर्षांची असेल. तेव्हापासून आमच्या घरातलं प्रत्येक ताट तिनं वाढलं आणि प्रत्येक वेळी स्वतः शेवटी जेवली. तिची शाळा चौथीवर थांबली. पण तांदूळ निवडताना ती मला जवळ बसवायची आणि म्हणायची, "वाच." माझी सगळी पुस्तकं तिनं अशी खडे वेचता वेचता ऐकली आहेत. मधेच थांबवून विचारायची, "हा मानूस असा काहून वागला व?"

मी लहान असताना बा नागपूरहून धम्माची दीक्षा घेऊन आले. त्याच महिन्याच्या आसपास आमचा जिल्हा नागपूरपासून तुटला आणि राजधानी भोपाळला गेली. बा म्हणाले, "राजधानी जाऊ दे कुठीबी, गाडी गोंदियालेच जाते." मग त्यांनी देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आले. आत्यानं ते कधी विसरू दिलं नाही. पुढं ताईचं जे काही झालं त्याचं तिच्याकडे एकच कारण होतं: "देवीले पान्यात बुडवलं ना तुमी? ती उपाशी हाय. ती खाते या पोरीच्या तोंडानं."

ताईचं दुखणं सुरू कधी झालं हे मला नेमकं सांगता येणार नाही. कारणही सांगता येणार नाही. पण मी काय पाहिलं ते सांगू शकते. तिला पाहायला पाहुणे यायचे ठरलं की आत्या आधी येऊन राहायची आणि तिचं जेवण अर्ध्यावर आणायची. "भरलेली दिसते पोट्टी. थोडी वाळू दे." ताई वाळायची. पाहुणे यायचे, पोहे खायचे, चहा प्यायचे आणि निरोप पाठवतो म्हणून जायचे. अशाच एका दुपारी पाहुणे गेल्यावर बा त्यांना पोचवायला स्टेशनात गेले होते. मी स्वयंपाकघरात गेले तर ताई दाराआड उभी होती. पोह्यांचं पातेलं काखेत धरलेलं, आणि हात चालू. चावणं नव्हतं. डोळे माझ्याकडे होते, पण मला पाहत नव्हते. पोहे संपले. मग तिनं दुपारचा गार भात घेतला, त्याला मीठ नाही, वरण नाही. तो संपला. मग गूळ. मग खाली बसली, पोटाला धरून, आणि रडायला लागली.

थोड्या वेळानं उठून तिनं पातेलं राखेनं घासलं. असं घासलं की त्यात तोंड दिसावं.

मी विचारलं, "भूक लागली होती काय, ताई?"

"नाही व."

"मंग काहून खाल्लं?"

तिनं पातेलं पालथं घातलं. "माया जीव गाडीसारखा झाला हाय. सिग्नल पडत नाही तरी निंगते. बाले नको सांगू."

लोक याला खादाडपणा म्हणत. मी खादाड माणसं पाहिलेली आहेत. बांच्या ओळखीचा एक फायरमन लग्नाच्या पंगतीत बुंदीवर बुंदी मागून घ्यायचा, मिशीला पाक लावून हसायचा आणि पुढं आठ दिवस त्या बुंदीचं वर्णन करायचा. त्याला लोक शौकीन म्हणत. ताई कधी कुणासमोर जास्त वाढून घेत नसे. तिला चव लागत नव्हती. जे खाल्लं त्याची तिला लाज वाटे, लाजेपायी दुसऱ्या दिवशी ती काही खात नसे, आणि न खाल्ल्यानं तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा सुटे. हे वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर चाललं होतं आणि सगळे फक्त खाणं मोजत होते. त्याच्या आधीचा उपास कुणी मोजत नव्हतं.

*

दुष्काळाच्या वर्षांत रेशनच्या दुकानावर तांदळाऐवजी लाल ज्वारी मिळायला लागली. परदेशातून आलेली ती ज्वारी आमच्या भातखाऊ जिल्ह्यात कुणाला धड रांधताही येत नव्हती. तांदूळ घरात थोडा असे, पत्र्याच्या कोठीत. एका दुपारी ताईनं त्यातला उरलासुरला सगळा शिजवला आणि एकटीनं खाल्ला. बा ड्यूटीवरून आले, कोठीचं झाकण उघडलं, आणि काही न बोलता ज्वारीची जाड भाकर पाण्यात बुडवून खाल्ली. त्यांचं न बोलणं ताईला मारापेक्षा लागलं.

आत्या आली आणि कोठीला कुलूप बसलं. किल्ली बांच्या कमरेच्या करगोट्याला.

कुलपानं काय झालं? ताई कच्चं पीठ खाऊ लागली. शेजारच्या गाईसाठी ठेवलेली पेज प्यायली. हे मी लिहिते आहे, कारण लिहिलं नाही तर "खाऊन मेली" एवढंच उरेल.

बा वाईट नव्हते. त्यांना मुलगी बरी व्हायला हवी होती, आणि देवीला कोंबडं कबूल करणं त्यांच्यासाठी संपलेलं होतं. तेव्हा त्यांनी आपल्या नव्या धम्मात उपाय शोधला. त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात, म्हणजे पत्र्याच्या एका शेडमध्ये, एक म्हातारे भंते वर्षावासाला राहिले होते. पौर्णिमेला उपासक-उपासिका पांढरी वस्त्रं घालून अष्टशील घेत. त्यातलं एक शील असं की दुपारी बारानंतर काही खायचं नाही. बांना वाटलं, हेच तर हवं. कुलूप बाहेरून लागतं, शील आतून लागेल.

ही चूक आमच्याच लोकांकडून होऊ शकत होती. जुनं सोडून नवं धरलेल्या माणसाला नव्यावर इतका विश्वास असतो की तो त्या नव्याला कसलंही ओझं उचलायला लावतो.

ताईनं पांढरं लुगडं नेसलं. आधी पौर्णिमेला, मग अष्टमीला, मग दर आठवड्याला. वस्तीत तिचं नाव झालं. ज्या बायका हसत होत्या त्या म्हणू लागल्या, "पोरीनं काय शील पाळलं, बापा!" ती वाळली. बांची मान वर झाली. आणि उपोसथाच्या, म्हणजे शील पाळायच्या दिवसाच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी दाराआड काय चालतं हे फक्त मला दिसत होतं, कारण मी कॉलेजातून लवकर घरी यायचे.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात भोजनदान होतं. गोंदियाकडून आणखी भिक्खू आले होते. खिरीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, शेडमागच्या आडोशाला ठेवला होता, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला कोण? तर वस्तीतली आदर्श उपासिका. शील तिनं आदल्या दिवशीच घेतलं होतं, आणि त्या बारापासून ती उपाशी होती.

बारा वाजायला आले तशा बायका खीर न्यायला मागं गेल्या. ताई गंजापाशी बसलेली. हातात पळी, पांढऱ्या लुगड्यावर खीर, गंज अर्धा.

मग कुणी तरी म्हणालं, "अष्टशील नाही व हे, अष्टशेर!" ते हसू शेडमागून पुढं आलं, पंगतीतून फिरलं, आणि बांपर्यंत पोचलं.

बांनी ताईला दंडाला धरून भंतेंसमोर आणलं. "पाया पड. माफी माग. अन् पुन्हा शील घे. महिनाभर. रोज."

ताईनं हात जोडले. बा खाकरले.

त्या खाकरण्यावर मी उठले. शील असं कुणावर लादता येत नाही. आधी माणूस हात जोडून स्वतः मागतो, आपल्या तोंडानं, तीनदा. मग भंते देतात. पावसाळाभर मी पाहत होते. ताईच्या मागण्याआधी बा खाकरायचे, आणि मगच ती बोलायची.

"बा," मी म्हटलं, "हे मागनं तिचं नाही. तुमचं हाय."

"तू गप बस. चार बुकं शिकली म्हनून..."

"तुमाले पायजे तर तुमी घ्या. तिले काहून उपाशी मारता?"

शेडमध्ये कुणी तरी "अरे बापरे" म्हणालं. आत्या डोकं धरून खाली बसली. मी बापाला लोकांसमोर बोलले होते, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

भंतेंनी हात वर केला. ताईला विचारलं, "बेटा, तुझी इच्छा होती का?"

ताई इतकं हळू बोलली की पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. "नाही, भंते. उपाशी राह्यली की मंग मले थांबता येत नाही. माया हात मायंच आयकत नाही."

"आता भूक आहे?"

"ठाऊक नाही. मले आता समजतच नाही भूक कोनती."

तोवर बारा वाजून गेले होते. भिक्खूंना आता जेवता येणार नव्हतं. पानं वाढलेली तशीच राहिली. आत्या हाय खाऊन म्हणाली, "भंतेजी उपाशी राह्यले या पोरीपायी!" भंते म्हणाले, "आम्ही राहू. आम्ही मागून घेतलं आहे. हिनं नाही. हिला उद्यापासून रोज वेळेवर वाढा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आणि वाढणाऱ्यानं तोंड बंद ठेवावं."

बांनी घरी आल्यावर करगोट्याची किल्ली काढली, कुलूप काढलं आणि रुळांपलीकडच्या झुडपात दोन्ही फेकून दिली. दुसऱ्या दिवसापासून ते ताईसोबत जेवायला बसू लागले. आमच्या घरात बाप आणि लेक एका वेळी जेवतात हे वस्तीनं पहिल्यांदा पाहिलं. काही दिवसांनी ताईच्या ताटात भात उरला. दोन घास असतील. तिनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसली. "मायी गाडी सिग्नलवर थांबली वाटते."

*

बांच्या मागं ताई माझ्याकडे राहिली. मला शाळेत नोकरी लागली होती, आम्ही भाड्याची दोन खोल्यांची जागा घेतली. ती पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. महिनेच्या महिने नीट जायचे, मग कुणाच्या लग्नात कुणी तरी "अजून लठ्ठच हाय व तुयी ताई" म्हणायचं आणि पुढचे दोन आठवडे आमच्या घरात वाईट जायचे. तरी वेळेवर जेवण, सोबतीनं जेवण आणि ताटाकडे न पाहणं या तीन गोष्टींनी जेवढं झालं तेवढं कोणत्याही कुलपानं झालं नव्हतं.

पण शरीरानं आधीच्या वर्षांचा हिशेब ठेवला होता. तिला तहान लागायला लागली. रात्रंदिवस पाणी. दोन पायऱ्या चढल्या की दम. गुडघे धरून उठायची. मोरीत लघवीवर मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. साखरेचा आजार निघाला, रक्तदाबही वाढलेला. डॉक्टर भला होता, पण घाईत होता. ताईकडे न बघता मला म्हणाला, "बहनजी, इनके मुँह पर ताला लगाइए."

मी म्हटलं, "ताला लगाकर देख चुके हैं, डॉक्टर साहब. उसी से बढ़ा है."

त्यानं मान वर केली, पण बाहेर रांग होती.

खरं नुकसान तिथून झालं. ताई त्या डॉक्टरला खरं सांगेना. वाईट आठवडा गेला की ती दवाखान्याची तारीख चुकवायची. चांगला गेला की जायची, आणि तो म्हणायचा, "शाबास." तिच्या गोळ्या अर्ध्या माहितीवर चालल्या होत्या. उरलेली अर्धी माहिती लाजेनं घरी ठेवली होती.

एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला नागपूरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी वजन केलं, रक्त तपासलं, आणि मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, "एकट्याच असताना खाता का? मधेच थांबावंसं वाटतं आणि थांबता येत नाही, असं होतं?"

ताई माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच चहाडी केली. मी मान हलवली. मग ती रडली. इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी किती खाल्लं हेच विचारलं होतं.

बाई म्हणाल्या, "याच्यावर माझ्याकडे गोळी नाही. खोटं कशाला सांगू? पण हे दुखणं आहे. तुमची खोड नाही. साखरेसारखंच दुखणं, फक्त मनात धरतं. उपास करू नका. लपवू नका. आणि पाय जपा."

परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसली होती. तुमसर गेलं, गोंदियाला गाडी बदलली. मग म्हणाली, "दुखनं हाय म्हने."

"हौ."

"म्हंजे मी वाईट नाही."

"नाही."

"मले कोनी सांगतलंच नाही व." आणि माझ्या पिशवीतली भाकर काढून तिनं सगळ्या डब्यासमोर खाल्ली. हळूहळू, चावून.

तीन पावसाळे बरे गेले. शेवटच्या पावसाळ्यात चपलेनं पायाला फोड आला. ताई तो लपवत राहिली. खाणं लपवायची सवय होती, तीच पायाला लागली. मला वास आला तेव्हा उशीर झाला होता. ताप चढला, विष रक्तात गेलं, आणि मग तो मंगळवार आला.

*

शनिवारी आत्या म्हणाली, "उद्या काय रांधायचं?"

"खीर."

"खीर नको व! लोक हासतीन."

"हासू दे."

"पोरी, मेलेल्या मानसाची लाज झाकाव लागते."

"तिनं काय केलं झाकण्यासारखं? सांग." आत्यानं पदर तोंडाला लावला. तिचंही ताईवर प्रेम होतं. पोरीला वाळवायला ती दरवेळी लालबर्ऱ्याहून बसनं यायची, हे प्रेमच होतं. त्या प्रेमानंच जास्त मारलं.

रविवारी वंदना झाली. मी सगळ्यांच्या आधी उठले. कागद नव्हता. मी म्हटलं:

"माझी ताई खाऊन मेली नाही. तिला एक दुखणं होतं. ते दुखणं आलं की तिला खाणं थांबवता येत नसे, जसं तापात कापरं थांबवता येत नाही. त्या दुखण्यातून तिला साखर झाली, आणि ती साखरेनं गेली. आपण तिला उपाशी ठेवलं, कुलूप लावलं, हसलो. त्यानं ते वाढलं. ती वेळेवर जेवली, चारचौघांत जेवली, तेव्हा ते कमी झालं. मी पाहिलं आहे. आज खीर आहे. तिला खीर आवडत होती की नाही हे मला ठाऊक नाही, कारण तिला कुणी सुखानं खाऊच दिली नाही. तुम्ही खा. हसायचं असेल तर आत्ता हसा, माझ्यासमोर."

कुणी हसलं नाही. मग कोपऱ्यातून बांच्या वेळचा एक म्हातारा गँगमन उठला आणि म्हणाला की पावसात लाइनीवर काम चाललं की ही पोरगी केटलीभर चहा घेऊन रुळावरून चालत यायची. बसला. मग एकजण म्हणाली की आपल्या बाळंतपणात ताईनं रांधून घातलं. मग आणखी कुणी. त्या दिवशी तिच्या पोटाविषयी कुणी बोललं नाही, तिच्या हातांविषयी बोलले.

सगळे गेल्यावर ती शेजारीण मागं राहिली, मंगळवारी दारात हसलेली. गंज घासू लागली, मी नको म्हटलं तरी. मान खाली घालून म्हणाली, "गुरुजीबाई, माया लहान सुनेचं बी तसंच हाय. दाराआड. मी तिले लई बोलली."

"उद्यापासून माझ्याकडे पाठवा. दुपारी. शाळा सुटली की."

ती पोरगी आली. पहिल्या दिवशी पदराआड जेवली. मी पुस्तक वाचत बसले आणि तिच्या ताटाकडे पाहिलं नाही.

आजही दुपारी बारानंतर माझी चूल पेटते. कोठीला कुलूप नाही. ताईची थाळी आहे, तिच्यात जो येईल त्याला वाढते.